एका यंत्रांत दोन बिऱ्हाडें

घरांतील एकादी वस्तु टाकून देण्याची वेळ आली म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील वडील माणसें आधीं एवढेंच विचारतात कीं, ती मोडली आहे, कीं नुसती जुनी झाली आहे? जुनी होडी आणि फुटकी होडी यांतील भेद कोळ्याच्या पोरास शिकवावा लागत नाहीं. होडी जुनी झाली तर तिच्या सांधी पुन्हां भरावयाच्या, तिला तेल द्यावयाचें, आणि पुढल्या हंगामास ती पुन्हां पाण्यांत लोटावयाची, हा शिरस्ता. परंतु तींच माणसें घरांतील संगणकाविषयीं बोलूं लागलीं कीं हा विवेक कोठें नाहींसा होतो कोण जाणे! यंत्र चालू आहे, पडदा स्वच्छ आहे, कळा नीट उमटत आहेत. आणि तरी "हें आतां जुनें झालें, नवें घ्यावें लागणार" असा निकाल देऊन तें माळ्यावर टाकलें जातें. हा निकाल घाईचा आहे, आणि तो मुलांच्या शिक्षणास महाग पडणारा आहे, असें आमचें मत आहे. त्यावर एक सोपा उपाय आहे. तो म्हणजे त्या यंत्रांत एकाऐवजीं दोन प्रणाली नांदूं देणें. या उपायाचा सकारण पुरस्कार करावा, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

काशीद, नांदगांव, मुरूड या बाजूस हल्लीं पुष्कळ कुटुंबें पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय करून चरितार्थ चालवितात. हिशेबासाठीं व पाहुण्यांशीं पत्रव्यवहार करण्यासाठीं घेतलेला लॅपटॉप पुढें मुलांच्या अभ्यासास येतो. अशा घरीं आठदहा वर्षांचें यंत्र असणें हें नवल नव्हे. त्या यंत्रांत बहुधा विंडोज १० ही प्रणाली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती २९ जुलै २०१५ रोजीं बाजारांत आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नित्याची देखभाल थांबविली. नोंदणी करणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकांस तिनें जी वाढीव मुदत जाहीर केली, तीहि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडलें असें नव्हे. तें पूर्ववत् चालतें; परंतु प्रणालींत चोरास शिरतां येईल असें नवें छिद्र सांपडलें तर तें बुजविणारी दुरुस्ती यापुढें येत नाहीं. आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेली विंडोज ११ घ्यावी म्हटलें, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादींत बसत नाहींत. म्हणजे घर धडधाकट आहे, पण जुना भाडेकरू म्हातारा झाला आणि नवा भाडेकरू म्हणतो, "मला हें घर चालत नाहीं." अशा वेळीं घर पाडावें काय?

ही उपमा थोडी पुढें नेऊं, म्हणजे ज्यांस या विषयाचा परिचय नाहीं अशा पालकांसहि तो कळेल. संगणक म्हणजे घर. ऑपरेटिंग सिस्टिम, जिला आम्ही येथें नुसतें प्रणाली म्हणतों, ती म्हणजे त्या घरांत राहून पडदा, कळफलक, स्मृति व डिस्क यांचा कारभार पाहणारें बिऱ्हाड. यंत्रांतील डिस्क ही नारळीपोफळीच्या वाडीसारखी असते. तिच्यांत बांध घालून दोन भाग करतां येतात. यांसच पार्टिशन म्हणतात. एका भागांत विंडोज राहते, दुसऱ्या भागांत लिनक्स. यंत्राची कळ दाबली कीं प्रथम दारावरील एक लहानसा रखवालदार जागा होतो. लिनक्सबरोबर येणाऱ्या या रखवालदाराचें नांव बहुधा ग्रब असें असतें. तो पडद्यावर दोन नांवें मांडून विचारतो कीं, आज कोणास बोलवावयाचें? बाण खालींवर करून आपण उत्तर द्यावयाचें. कांहीं सेकंदांत उत्तर न दिल्यास तो पहिल्या नांवास दार उघडून देतो. उपमा एकाच ठिकाणीं अपुरी पडते. हीं बिऱ्हाडें एका वेळीं घरांत वावरत नाहींत. एक बाहेर पडल्यावरच दुसरें आंत येतें. म्हणूनच जुन्या यंत्रास दोघांचा भार होत नाहीं. एका प्रणालीच्या पोटांत दुसरी चालविण्याचीहि युक्ति आहे. परंतु तिला स्मृति फार लागते, सबब ती नव्या व दणकट यंत्रांसच शोभते.

आतां हें दुसरें बिऱ्हाड कोण कोठलें, हें सांगणें अवश्य आहे. कारण अनोळखी मनुष्यास घरांत घेण्यापूर्वीं चौकशी करणें हा पालकांचा धर्मच आहे. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहून जगापुढें मोकळा ठेवला. त्यापूर्वीं १९८३ मध्यें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला होता. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रणाली कशी रचली आहे हें पाहण्याचा, ती सुधारण्याचा आणि शेजाऱ्यास देण्याचा हक्क प्रत्येकास असावा. हे दोन प्रवाह एकत्र झाले व त्यांतून आज उबुंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट इत्यादि अनेक प्रणाली निघाल्या आहेत. हें बिऱ्हाड आपल्या घरांत अगदींच परकें नाहीं. ज्यांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशांत लिनक्सचा गाभा आहेच. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पांचशें अतिवेगवान संगणकांची यादी पाहावी, तर त्यांतील एकूणएक संगणक लिनक्सवर चालतात. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं 'बॉस' नांवाची भारतीय प्रणाली काढली, तीहि लिनक्सवरच उभी आहे.

आमच्या मताचें पहिलें कारण काटकसर हें होय; परंतु तें सर्वांत लहान कारण आहे. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर लिनक्सच्या हलक्या प्रकारांपैकीं एकादा सुखानें चालतो, आणि त्यास मूल्य पडत नाहीं. नव्या यंत्राचे पैसे वांचले तर त्यांतून वर्षाचीं पुस्तकें येतील, हें हिशेबी पालकांस आम्हीं सांगावयास नको.

दुसरें कारण प्रामाणिकपणाचें आहे, आणि शाळेच्या वार्षिकांत तें उघड लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. लॅपटॉप दुरुस्तीस नेला कीं कित्येक ठिकाणीं "फॉर्मॅट मारून" त्यांत विनापरवाना प्रत भरून दिली जाते. पालकांस त्याची कल्पनाहि नसते. मुलांस मात्र ती पुष्कळदां असते. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींत डोकावूं नको असें ज्या मुलास आपण सांगतों, त्याच मुलानें रोज चोरीच्या प्रतीवर बसून अभ्यास करावा, ही विसंगति आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर काय काय घरांत शिरतें याची शाश्वति कोणीहि देऊं शकत नाहीं. लिनक्सची प्रत मित्रास देणें हा गुन्हा नाहीं. उलट तिच्या परवान्यांतच ती मुभा लिहिलेली आहे. दुसऱ्यास देतांना ज्या वस्तूविषयीं मान खालीं घालावी लागत नाहीं, अशी एक तरी वस्तु मुलाच्या यंत्रांत असावी.

तिसरें कारण आमच्या दृष्टीनें मुख्य होय, आणि तें बुद्धीचें आहे. ज्या मुलानें आयुष्यांत एकच प्रणाली पाहिली, त्यास यंत्र आणि प्रणाली या दोन निराळ्या वस्तु आहेत हेंच कळत नाहीं. डाव्या कोंपऱ्यांतील अमुक चित्र दाबावें, मग तमुक शब्द दिसेल, एवढी पाठांतराची विद्या त्यास येते. चित्र दुसऱ्या कोंपऱ्यांत गेलें कीं त्याची विद्या संपली. दोन प्रणाली पाहिलेला मुलगा मात्र आपोआप विचारूं लागतो: दोहींकडे फाईल आहे, मग फाईल म्हणजे काय? दोहींकडे फोल्डर आहेत, मग तेथें 'सी' आणि 'डी' कां म्हणतात, आणि येथें सर्व कांहीं एकाच मुळापासून कां फुटतें? दोन भाषा शिकणाऱ्यास व्याकरण म्हणजे काय हें जसें प्रथम कळतें, तसेंच हें आहे. संस्कृत शिकूं लागल्यावरच मराठींतील विभक्ति आपणांस दिसूं लागल्या, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं अनेकांस असेल.

या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. २००७ सालीं कर्जत तालुक्यांतील खैराट या लहान वस्तीच्या प्राथमिक शाळेंत 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचीं हिरव्यापांढऱ्या रंगाचीं छोटीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं. हा उपक्रम अमेरिकेंतील निकोलस निग्रोपोंटे यांनीं चालविला होता. त्या यंत्रांत विंडोज नव्हती. लिनक्सवर रचलेली 'शुगर' नांवाची मुलांसाठींची मांडणी होती. पुढें मे २००८ मध्यें त्याच यंत्रावर विंडोज एक्सपी चालविण्याचा करार जाहीर झाला. एकाच यंत्रावर दोन्ही असाव्यात असा विचारहि तेव्हां पुढें आला, आणि उपक्रमाच्या पुरस्कर्त्यांत मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, जगांत जें चालतें तेंच मुलांस शिकवा. दुसरा म्हणे, जें उघडून पाहतां येतें तेंच शिकवा. आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें खरें वाटतें. बाजारांत चालणारी वस्तु मुलास यावयास हवी आणि उघडून पाहतां येणारीहि यावयास हवी. ज्या वादांत दोघांसहि एका घरांत जागा देतां येते, त्यांत एकास हांकलून देण्याचा हट्ट कशास?

चौथें कारण आमच्या किनाऱ्यास लवकर पटेल. ११ जुलै २०२१ च्या रात्रीं मुसळधार पावसांत काशीदजवळचा पूल कोसळला. एका मनुष्याचा त्यांत प्राण गेला. त्या दुःखाची तुलना यंत्राच्या बिघाडाशीं करणें आमच्या मनांतहि नाहीं. परंतु त्या दिवसांनीं एक गोष्ट शिकविली. अलिबागहून मुरूडकडे येणारा किनाऱ्याचा रस्ता तुटला, तेव्हां वाहनें रोह्याच्या बाजूनें आंतल्या वाटेनें वळवावीं लागलीं. ती वाट लांबची. पण ती होती म्हणून येणेंजाणें चालूं राहिलें. संगणकांतहि असेंच घडतें. परीक्षेच्या आदल्या दिवशीं विंडोज उघडेनाशी झाली, तर शेजारच्या प्रणालींतून यंत्र सुरू करून पहिल्या भागांतील टिपणें बहुधा बाहेर काढतां येतात. मात्र तो भाग कुलूपबंद असेल तर किल्ली हाताशीं हवी. एकच वाट असलेल्यास वाट तुटली कीं बसून राहावें लागतें.

मराठीविषयींहि दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. लिनक्सच्या कित्येक प्रकारांत पडद्यावरील सूचना बऱ्याच अंशीं मराठींत करून घेतां येतात, आणि पुष्कळ स्वयंसेवकांनीं हें भाषांतराचें काम बिनबोभाट केलें आहे. टंकलेखनासाठीं इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारतीय मानक संस्थेनें १९९१ च्या मानकांत समाविष्ट केला. तो विंडोजमध्येंहि आहे आणि लिनक्समध्येंहि आहे. जो विद्यार्थी हा कळफलक एकदां हातास बसवील, त्याचें मराठी लेखन प्रणाली बदलली म्हणून अडणार नाहीं. जें दोन्ही घरीं चालतें, तें शिकण्यांत श्रमाचें चीज होतें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पालक म्हणतील, "पुढें नोकरीस विंडोजच लागते, एमएस-सीआयटीच्या वर्गांतहि बहुतांशीं तीच शिकवितात." हें खरें आहे. टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्रॅम, कांहीं प्रिंटर, कांहीं परीक्षांचीं साधनें विंडोजच मागतात. म्हणूनच आम्ही तिला घराबाहेर काढा असें म्हणत नाहीं. लिनक्सचे कांहीं भक्त म्हणतात कीं, विंडोज पुसून टाकावी. त्यांचा उत्साह आम्हांस मान्य आहे, सल्ला मान्य नाहीं. ज्या यंत्राच्या विंडोजची देखभाल थांबली आहे, तेथें तिला जाळ्याशीं न जोडतां जुन्या कामापुरतें ठेवावें, आणि जाळ्यावरील वाचन, पत्रव्यवहार व अभ्यास देखभाल चालूं असलेल्या दुसऱ्या प्रणालींतून करावा, ही विभागणी आम्हांस शहाणपणाची वाटते. दुसरा आक्षेप असा कीं, मुलें यंत्र बिघडवून ठेवतील. ही भीति खोटी नाहीं. बेसावधपणें केलेल्या या कामांत वर्षांचे फोटो व हिशेब एका क्षणांत पुसले जातात. परंतु त्यावर उपाय मनाई हा नसून रीतसर शिकणें हा आहे. पोहतांना बुडण्याची भीति आहे म्हणून समुद्राकांठच्या मुलास पोहणें शिकवूं नये, असें कोणी म्हणत नाहीं. उलट त्यासच तें आधीं शिकवितात.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, हें काम हातीं घेणार असाल तर पुढील क्रम सोडूं नका. प्रथम घरांतील सर्व महत्त्वाच्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडते कीं नाहीं हें दुसऱ्या यंत्रावर पाहा. न तपासलेली प्रत ही प्रतच नव्हे. मग विंडोजची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद आहे काय तें पाहा. असेल तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून वडिलांजवळ द्या, कारण दारावरचा रखवालदार बदलला कीं विंडोज ती किल्ली मागूं शकते. त्यानंतर विंडोजचें 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. तें चालूं असतां विंडोज खरोखर बाहेर पडत नाहीं, अर्धवट झोंपते. आणि झोंपलेल्याच्या खोलींत दुसऱ्यानें सामान हलविलें तर घोटाळा ठरलेला.

एवढें झाल्यावर किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, डिस्कला हात न लावतां, यंत्र त्यावरूनच चालवून पाहा. वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, कळफलक बरोबर उमटतो काय, हें सर्व कांहीं न बसवितां कळतें. पटलें तरच पुढें जा. न पटलें तर पेनड्राइव्ह काढून घ्या, घर जसेंच्या तसें आहे. पुढें जावयाचें ठरल्यास विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून तिचा भाग आकसून निदान तीसचाळीस जीबी जागा मोकळी करा. बसवितांना "विंडोजच्या शेजारीं बसवा" आणि "सर्व डिस्क पुसून बसवा" अशा अर्थाचे दोन पर्याय समोर येतील. या एका ठिकाणीं शंभर वेळां वाचा आणि एकदां दाबा. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरील कित्येक गांवांनीं अंधाराचे किती दिवस काढले तें सर्वांस आठवत असेल. यास्तव बॅटरी पूर्ण भरलेली असल्यावांचून आणि तारेनें जोडलेली असल्यावांचून हें काम आरंभूं नका. विंडोज आधीं व लिनक्स मागाहून, हा क्रम राखलात तर त्रास कमी.

पहिल्या दिवशीं एक गंमत दिसण्याचा संभव आहे. लिनक्समधून विंडोजमध्यें परत आलांत कीं घड्याळ साडेपांच तास मागें दिसेल. घाबरूं नका, यंत्र बिघडलें नाहीं. यंत्राच्या पोटांतील घड्याळ जागतिक वेळ दाखवितें असें एक बिऱ्हाड मानतें आणि स्थानिक वेळ दाखवितें असें दुसरें मानतें. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें असल्यामुळें तेवढाच फरक पडतो. एक सेटिंग बदलल्यानें हा तंटा मिटतो. परंतु भूगोलाच्या तासाला पाठ केलेले ते साडेपांच तास प्रत्यक्ष कामास येतात, हें पाहण्यासाठीं तरी तो एकदां घडूं द्यावा! अधिक माहितीसाठीं पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमानें लिनक्स, लिबरऑफिस इत्यादि विषयांचे पाठ मराठींतहि विनामूल्य दिले आहेत. ते शांतपणें ऐकावे.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, माळ्यावरील एक जुनें यंत्र येत्या सुटींत मुलांच्या हवालीं करा. घरांतलें एकुलतें एक चालतें यंत्र प्रथमच देऊं नका; जुनें द्या. दोन मुलांस जोडीनें बसवा, म्हणजे एक वाचील व एक दाबील. मुलगा असो वा मुलगी, दोघांसहि ही संधि सारखी द्या. काम फसलें तर रागें न भरतां पुन्हां पहिल्यापासून करूं द्या. पडद्यावर दोन नांवें प्रथमच एकाखालीं एक उमटलेलीं पाहून मुलास जो आत्मविश्वास येतो, तो नव्या यंत्राच्या खोक्याबरोबर विकत मिळत नाहीं. यंत्रानें आपणांस काय करावयाचें तें सांगावें, हा आजचा रिवाज झाला आहे. आपल्या मुलांनीं यंत्रास विचारावयास शिकावें कीं, तुझ्यांत आणखी काय काय होऊं शकतें? तो प्रश्न विचारणारीं मुलें या किनाऱ्यावर वाढावीं, एवढीच आमची इच्छा.